हे रुपये कुठले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या अंकात आमच्या दांडिया बाजारातल्या एका मुलाला पीएच.डी. मिळाल्याची बातमी आली. वाचून फार आनंद झाला. 'अवघ्या तीन वर्षांत', '11 शोधनिबंध', 'घराण्यातील पहिला डॉक्टर' असं सगळं त्यात होतं. त्याने शोधलं काय, हे मात्र नव्हतं. विषयाचं नावही नव्हतं. त्यावरून हे पत्र लिहिते आहे.

मी 2016 मध्ये इतिहासात पीएच.डी.साठी नाव नोंदवलं आणि 2023 मध्ये प्रबंध दिला. नियमाप्रमाणे सहा वर्षं मिळतात, बायकांना आणखी दोन वाढवून मिळतात. त्यातलं एक मी घेतलं. त्या सात वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे 'झालं का?' लग्नात, हळदीकुंकवाला, उत्तरायणात गच्चीवर, सगळीकडे तोच. 'काय सापडलं?' असं विचारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील.

विषय होता गायकवाड सरकारचा कलावंत कारखाना, म्हणजे दरबारातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं खातं. फैयाज खाँसाहेबांसारखे मोठे गवई सगळ्यांना ठाऊक आहेत. मला त्यांच्या मागे बसणारे हवे होते. सारंगिये, तबलजी, तंबोरा धरणारे. त्यांना पगार किती मिळायचा, त्यात घर चालायचं का, एवढंच मला शोधायचं होतं. त्यासाठी मोडी शिकले. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि घाईत लिहिलेल्या ओळीत एक अक्षर दुसऱ्यात मिसळून जातं. पहिल्या वर्षी दिवसाकाठी एक पान लागलं तरी दिवस सोन्याचा वाटायचा.

चौथ्या वर्षी माझ्या हाती एक मोठी गोष्ट लागली, असं मला वाटलं. एका तबलजीचा पगार जुन्या वहीत 12 रुपये होता, पुढच्या वहीत तोच माणूस, तेच काम, आणि पगार 9 रुपये 4 आणे. एकट्याचा नाही, ओळीने सगळ्यांचा तसाच उतरलेला. काळ छप्पनियाच्या दुष्काळाचा, म्हणजे 1899-1900 चा. मी लगेच जुळवून टाकलं: दुष्काळ पडला, खजिन्यावर ताण आला, आणि सरकारने सगळ्यात आधी लहान कलावंतांच्या पोटावर पाय दिला. साठ पानांचं प्रकरण झालं. त्यावर एक शोधनिबंध छापून आला. दोन परिषदांत वाचला, टाळ्या मिळाल्या. प्रबंध देण्याआधी एक छापील निबंध आणि दोन परिषदा हव्यात, असा तेव्हा नियम होता. माझी ती अट या एकाच प्रकरणावर पुरी झाली.

मोडीची अडलेली पानं घेऊन मी एका निवृत्त कारकून काकांकडे जायची. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याला मोतीबिंदू. उजेडासाठी ते खिडकीशी बसत आणि ओळीवर पोस्टकार्ड आडवं धरून वाचत, म्हणजे खालची ओळ मध्ये येत नाही. त्या दिवशी मी त्यांना अडलेलं काही दाखवायला गेले नव्हते, माझा शोध सांगायला गेले होते. दोन्ही पानांच्या प्रती त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. पोस्टकार्ड एका पानावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर, असं बराच वेळ सरकत राहिलं. मग त्यांनी विचारलं, "ताई, हे रुपये कुठले?"

मला प्रश्नच कळला नाही. रुपये म्हणजे रुपये.

मग काकांनीच उलगडून सांगितलं. बडोद्याचा स्वतःचा रुपया होता, बाबाशाही. इंग्रजांच्या रुपयापेक्षा, म्हणजे कलदारापेक्षा, त्याचा भाव कमी. विसाव्या शतकाच्या तोंडावर दरबाराने बाबाशाही बंद करून कलदार चालू केला. ऐन दुष्काळाच्या सुमारास वह्यांतले आकडे बदलले ते यामुळे. भावाचा हिशेब घातला तर बाराचे जेमतेम सव्वानऊ होतात. तबलजीचा पगार कापलाच नव्हता. नाणं बदललं होतं.

त्या रात्री मी जेवले नाही. मला माझ्यापेक्षा त्या टाळ्यांची लाज वाटत होती. ओळखीच्या दोघा-तिघांनी समजावलं की आता कशाला उकरतेस, परीक्षकांना मोडी थोडीच येते, कोण बघणार आहे. माझ्या गाइडना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "तुम्हाला कळलंय ना, मग झालं." आणि प्रकरण काढायला लावलं. मासिकाला मी चूक कळवणारं पत्र धाडलं. ते छापलं गेलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तो निबंध तसाच फिरतो आहे. नवीन निबंधासाठी वर्ष गेलं. मुलगी तेव्हा दहावीत होती. घरात जे व्हायचं ते झालं, त्यावर इथे लिहीत नाही.

खरं प्रकरण झालं बावीस पानांचं. त्यात निघालं ते असं की मी पाहिलेल्या वह्यांत या माणसांचा पगार वर्षानुवर्षं ना घटला, ना वाढला. छप्पनियात धान्य महागलं तरी आकडा तिथेच. कपातीच्या कहाणीइतकं ते चटकदार नाही, पण खरं आहे. या बावीस पानांना मी माझं यश मानते. साठ पानं फाडल्याशिवाय ती लिहून झाली नसती.

प्रबंध देताना दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य किती, ते संगणकावर तपासतात, दहा टक्क्यांच्या आत असलं की पास. माझं चुकीचं प्रकरणही त्यात सुखरूप पास झालं असतं, कारण शब्द माझेच होते. चूक धरली ती पोस्टकार्ड घेऊन बसलेल्या माणसाने. 2022 च्या नव्या नियमांत विद्यापीठ अनुदान आयोगाने निबंधाची सक्ती काढली, ते मला बरं वाटतं. पण नियमातून गेलेली मोजणी आपल्या कौतुकातून गेलेली नाही.

आणि वर्षांचं म्हणाल, तर हे गाव बडोदे आहे. 1913 साली सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं. 1916 मध्ये त्यांनी तिथे प्रबंध दिला, पदवी हाती आली 1927 मध्ये. छापील प्रती दिल्याशिवाय पदवी नाही, असा तिथला नियम, आणि पुस्तक निघालं 1925 साली. ते त्यांनी महाराजांनाच अर्पण केलं आहे. त्यांचा लंडनचा प्रबंध तर रुपयावरचाच. परीक्षकांच्या आक्षेपांमुळे तो त्यांना फेरफार करून 1923 मध्ये पुन्हा द्यावा लागला. कमाटी बागेतल्या संकल्पभूमीवरून, म्हणजे बाबासाहेबांच्या स्मारकावरून, जाताना माझ्या मनात दर वेळी येतं की त्या अकरा वर्षांत त्यांनाही कोणी 'झालं का?' विचारलं असेल का.

वाचनालयात माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा एक मुलगा पाचव्या वर्षी यायचा बंद झाला. हुशार होता. त्याचे नमुने तपासून निकाल 'काही फरक नाही' असा निघाला होता, आणि त्याला कोणीतरी सांगितलं होतं की याला कोण पीएच.डी. देणार. फरक नाही हे नीट दाखवून देणं हाही शोध असतो, हे त्याला वेळेवर कोणी सांगितलं नाही. मीही नाही. मी तेव्हा माझ्या साठ पानांत होते.

म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. यापुढे डॉक्टरेटची बातमी छापाल तेव्हा दोन ओळी वाढवा: त्याने काय विचारलं आणि काय सापडलं. बातमीदाराला फार खटपट नाही. देशभरातले प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या संकेतस्थळावर चकटफू वाचायला मिळतात, शेवटचं प्रकरण वाचलं तरी पुरे. इतिहासाचा प्रबंध असेल आणि मोडीत काही अडलं, तर मी विनामूल्य वाचून देईन. दांडिया बाजारातल्या त्या मुलाच्या दोन ओळीही पुढच्या अंकात छापाव्यात. मी त्याला जिन्यात गाठून विचारलं, तर तो अर्धा तास उभ्या उभ्या सांगत होता.

आपली,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदे