फॉर्म भरला का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवीन वर्ष लागलं की पेपरात संकल्पांवर लेख येतात, वजन कमी करा, डायरी लिहा, पैसे साठवा. वाचायला बरं वाटतं पण ते पाळलं का हे विचारणार कोण, ते कुणीच लिहीत नाही. माझा अनुभव त्याबद्दलचाच आहे म्हणून हे पत्र.

माझी शाळा नववीतच सुटली. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं हे माहीत होतं, दरवर्षी ठरवायचे आणि दरवर्षी तारीख निघून जायची. घरी बोलले की सगळे म्हणायचे असू दे गं, कशाला डोक्याला ताप. मायेनंच म्हणायचे पण त्यात दहा वर्षं गेली. एकदा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला पण टाकलं, भरपूर अंगठे आले, परत कुणी काही विचारलं नाही.

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या ५ तारखेला असते. गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे, नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि सगळ्याची नोंद. घरी डब्यात माझे शंभर रुपये कधी टिकले नाहीत पण गटात सहा वर्षांत एक हप्ता चुकला नाही, कारण तिथं सगळ्यांसमोर वही उघडून नाव वाचतात. २०२३ मध्ये एका बैठकीत मी सहज म्हणाले दहावी करायचीये, तर सचिवताईंनी ते इतिवृत्तात लिहूनच टाकलं. आता मागचं इतिवृत्त पुढच्या बैठकीत वाचतात ना, तेव्हा माझी ओळ पण वाचली गेली, आणि मी शाळा सोडल्याचा दाखला सुद्धा काढला नव्हता. कुणी रागावलं नाही, ताईंनी फक्त विचारलं दाखला कधी आणणार, तारीख सांग, आणि तारीख लिहिली. दोन दिवसांत मी शाळेत गेले. मग दर महिन्याला पुढचा प्रश्न, फॉर्म भरला का, पुस्तकं मिळाली का, गणित कुठवर आलं. गणितात अडले तर गटातल्याच एकीची कॉलेजातली मुलगी रात्री शिकवायला यायला लागली, हे एकटीनं मनात ठरवून कधी झालं नसतं. मार्च २०२४ ला परीक्षा दिली, ५४ टक्के पडले.

मला वाटतं विचारणारं माणूस नीट निवडावं. जे लगेच असू दे म्हणतं ते नको आणि टोमणे मारणारं तर अजिबात नको. गटातल्या बायका स्वतः तोच हप्ता भरतात म्हणून त्यांनी विचारलेलं लागत नाही.

आता आमच्या इतिवृत्तात शेवटी अशा ओळी असतातच. एकजण मिश्री सोडतीये, दोनदा सोडून परत सुरू झाली, ते पण लिहिलंय, खोडलेलं नाही, आणि ५ तारखेला तिला परत विचारणार आहोत. तुमच्या पेपरातून बाकीच्या गटांनाही हे कळलं तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक, ता. कराड