रेझ्युमेत काम दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठाचे निकाल लागले की नाशिक परिसरातल्या सातपूर, अंबड, गोंदे आणि सिन्नरच्या कंपन्यांकडे नव्या पदवीधरांचे अर्ज येऊ लागतात. भरतीच्या कामात असलेले आम्ही काही जण हे अर्ज रोज वाचतो. गुण बरे असूनही पुष्कळ मुलेमुली पहिल्याच चाळणीत गळतात, कारण त्यांना नेमके काय करता येते हे त्यांच्या रेझ्युमेतून कळत नाही. हे दुरुस्त करायला ना क्लास लागतो ना पैसे, म्हणून आपल्या पत्रातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पानाचा वरचा भाग बहुतेक वेळा 'नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे' अशा धर्तीच्या ऑब्जेक्टिव्हमध्ये जातो. खाली धर्म, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटी डिक्लेरेशन. यातले काहीही निवडीच्या वेळी वाचले जात नाही. त्या जागी नाव, मोबाइल, साधा ईमेल, पदवी, उत्तीर्ण वर्ष आणि आपल्याला येणाऱ्या कामाच्या दोन ओळी द्याव्यात. राहण्याचा भाग जरूर लिहावा, आणि दुचाकीचा परवाना असेल तर तोही. सिन्नरची माळेगाव वसाहत नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर आहे. सकाळच्या पाळीला मुलगा वेळेवर पोचेल का, हा तिथल्या एचआरचा पहिला प्रश्न असतो.

खरा मजकूर इंटर्नशिप आणि प्रोजेक्टचा. 'एका कंपनीत सहा आठवड्यांचे प्रशिक्षण घेतले' या ओळीतून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कोणत्या विभागात होतात, कोणते मशिन किंवा सॉफ्टवेअर होते, हातून काय झाले, किती झाले, हे लिहावे. मेकॅनिकलच्या मुलाने असे लिहिले तर चालेल: 'सहा आठवडे मशिन शॉप, इन्स्पेक्शन. बोअर डायल गेजने बोअर आणि मायक्रोमीटरने बाहेरचा व्यास मोजून रोजची इन्स्पेक्शन शीट भरली. रिजेक्ट झालेल्या जॉबची कारणवार नोंद केली.' हे वाचून आम्ही लगेच विचारतो, बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचे उपकरण) कशावर सेट केला होता? सेटिंग रिंगवर (ठरलेल्या मापाच्या कडीवर) किंवा मायक्रोमीटरवर, असे उत्तर आले की मुलाने गेज हातात धरले होते याची खात्री पटते. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारे सर्वांत लहान माप, ०.०१ मिलिमीटर आणि नेहमीच्या व्हर्निअरचा ०.०२, मग कोणत्या मापाला काय वापराल, हा पुढचा प्रश्न. रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीवर असा एखादा प्रश्न येणार हे धरूनच ती लिहावी. उत्तर देता येत नसेल तर ओळ काढून टाकावी.

बी.कॉम.ची मुले 'टॅली येते' एवढेच लिहितात. टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी केल्या, बँक रिकन्सिलिएशन (पासबुक आणि हिशेबाची जुळणी) केले, खरेदीचे रजिस्टर जीएसटीआर-२बीशी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी विवरणाशी) जुळवून न दिसणारी बिले वेगळी काढली, असे लिहिणाऱ्याला सीए फर्म आणि कारखान्याचे अकाउंट्स खाते दोन्ही बोलावतात. दरमहा रिटर्न भरणाऱ्याची जीएसटीआर-१ची (विक्रीच्या तपशिलाची) मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला आणि ३बीची (कर भरण्याच्या गोषवाऱ्याची) २० तारखेला असते, हे तोंडपाठ असले पाहिजे. एक्सेल येते म्हणणाऱ्याला आम्ही संगणकासमोर बसवतो. व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल न अडखळता जमले की पुरते.

बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या अर्जांत एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजायचे उपकरण) असते, आणि चौकशी केली की ते उपकरण काचेपलीकडून पाहिलेले निघते. आमचा आग्रह आहे की पाहिले, मदतीने केले आणि स्वतः केले हे तीन शब्दप्रयोग वेगवेगळे वापरावेत. टायट्रेशन आणि पीएच मीटरचे कॅलिब्रेशन स्वतः केलेला उमेदवार क्वालिटी लॅबला जास्त उपयोगाचा असतो. ग्रुप प्रोजेक्टलाही हाच नियम. चौघांनी मिळून केलेल्या प्रोजेक्टमध्ये आपला वाटा कोणता, तेवढाच लिहावा.

गुण गुणपत्रिकेवर छापले असतील तसेच द्यावेत. ५९.६ चे ६० केले की कागदपत्रे तपासताना पकडले जाते आणि हातात आलेली नोकरी जाते. एटीकेटी सुटली असेल तर कोणत्या वर्षी सुटली ते लिहावे. एखादा विषय अजून राहिला असेल तर तेही सांगावे. एमपीएससी किंवा पोलिस भरतीच्या तयारीत गेलेली वर्षे लपवू नयेत. 'जून २०२३ ते मे २०२५, स्पर्धा परीक्षेची तयारी' एवढी ओळ पुरते. पूर्व परीक्षा उत्तीर्ण असाल तर तिची भर घालावी. मोकळी सोडलेली दोन वर्षे वाचणाऱ्याच्या मनात नसत्या शंका आणतात.

आता फाइलबद्दल. डीटीपी सेंटरमध्ये किंवा मोबाइल ॲपवर केलेले दोन रकान्यांचे रंगीत रेझ्युमे दिसायला छान असतात. मोठ्या कंपन्यांत आणि जॉब पोर्टलवर मात्र आधी सॉफ्टवेअर वाचते. दोन रकाने असले की काही सॉफ्टवेअर डावीउजवीकडच्या ओळी एकमेकींत मिसळतात, आणि पदवीचे नाव मोबाइल नंबरात अडकते. स्किल्सपुढचे तारे आणि पट्ट्या त्याला वाचताच येत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन उघडतो. स्कॅन करून पीडीएफ केलेला कागद तर निव्वळ चित्र असतो. तपासणी सोपी आहे: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे वरपासून खालपर्यंत सरळ वाचता आला तर फाइल ठीक. एक रकाना, ११ पॉइंटचा साधा फॉन्ट, एक पान. फाइलला स्वतःचे नाव, पदवी आणि वर्ष द्यावे. नुसते 'रेझ्युमे फायनल' नाव असलेल्या फाइली आमच्याकडे ढिगाने असतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण हमखास येते, ती नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते. आधार आणि पॅनवर बहुधा नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. पोर्टलवर पहिल्या नावाच्या रकान्यात आडनाव भरले जाते आणि पुढे सगळीकडे तेच चालू राहते. क्रम सांभाळून घेता येतो, स्पेलिंगचा फरक मात्र महागात पडतो. पीएफचा यूएएन (कायमचा क्रमांक) आधारवरच्या नावाने निघतो. पॅन आणि बँक खात्यावर एखादे अक्षर वेगळे असले तरी पुढे केवायसी अडते. अर्ज करण्याआधीच आधार, पॅन, पासबुक आणि पदवी समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत तयार ठेवावी.

अर्ज कुठे करावा? कॅम्पस झाले नाही म्हणून थांबू नये. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी मोफत आहे आणि जिल्हा कौशल्य विकास केंद्राचे रोजगार मेळावे तिथेच कळतात. केंद्र सरकारच्या नॅट्स (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) पोर्टलवर पदवी आणि पदविकाधारकांसाठी अप्रेंटिसशिप असते. अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर करार पोर्टलवर नोंदला आहे ना ते विचारावे. नुसत्या 'ट्रेनी' पत्रावर वर्ष काढले तर अप्रेंटिसशिपचे सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही. नोंदणी, गणवेश किंवा लॅपटॉपची अनामत म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणे कठीण.

नाशिकच्या महाविद्यालयांना एक विनंती. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीत ऑन जॉब ट्रेनिंग आले आहे. ते संपले त्याच आठवड्यात विद्यार्थ्याकडून केलेल्या कामाच्या पाच ओळी लिहून घ्याव्यात आणि त्यावर कंपनीतल्या सुपरवायझरची सही घ्यावी. शेवटच्या सत्रात प्लेसमेंट सेलने विचारले तेव्हा मुलांना गेजचे नावही आठवत नाही. कंपन्यांनीही 'प्रशिक्षण समाधानकारक' एवढ्यावर प्रमाणपत्र न संपवता विभाग, तारखा आणि काम लिहून द्यावे. आमच्यापैकी प्रत्येक जण आपापल्या कंपनीत हा बदल याच वर्षी मागणार आहे.

कळावे,
औद्योगिक भरतीच्या कामातील काही वाचक,
अंबड, नाशिक