हयातीचा दाखला

खडकी, पुणे
18 नोव्हेंबर

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

परवा आईला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलं होतं. रांगेत नकळत सुभेदारकाकांना शोधत राहिलो. दर नोव्हेंबरला ते तिथे असायचेच. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेन्शनचं पुस्तक, आणि कुणी खुर्ची दिली तरी उभेच. सलग तिसरं वर्ष, दिसले नाहीत. चाळ पाडल्यावर मुलगी त्यांना घेऊन गेली, एवढंच कळलं. फोन लागत नाही. आता नव्वदी गाठली असती. मनाला कळतंय रे, पण कुणी सांगितलेलं नाही ना!

होळकर पुलाखाली त्यांनी आपल्याला सुरुंग शोधायला शिकवलं होतं, आठवतं? वाळूत पत्र्याचे डबे पुरले आणि आपल्या हातात सायकलचे स्पोक दिले. "पालथं झोपा. स्पोक तिरका घाला, तीस अंशांत. सरळ खुपसलात तर माईनच्या डोक्यावर बसेल, तिरका गेला तर कुशीला लागेल." तुझा स्पोक बरोबर कुशीला लागला. मी घाईत सरळ खुपसला आणि डबा टणकन वाजला. आपण हसलो. काका हसले नाहीत. बराच वेळ नदीकडे बघत बसले, मग म्हणाले, "एकाहत्तरच्या डिसेंबरात, पाकिस्तानच्या आघाडीवर, शकरगडला, माझ्या शेजारी साताऱ्याचा पोरगा होता." त्यापुढे त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

रामा राघोबा राणेंचं नाव मात्र ते भरभरून घ्यायचे. एप्रिल 1948, नौशेरा ते राजौरी, सुरुंग आणि तोडून टाकलेली झाडं बाजूला करत राणेंनी रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीरचक्र मिळालेला हा माणूस बॉम्बे सॅपर्सचा, लष्करातल्या इंजिनिअरांच्या पलटणीचा, म्हणजे आपल्या खडकीचा! 1994 साली राणे पुण्यातच वारले, त्या रात्री काकांच्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत जळत होता. रणगाडे सगळ्यांना दिसतात. त्यांच्याआधी पोटावर सरपटत गेलेल्या माणसांत आपले काका होते, आणि हे सांगायला आता आपण दोघंच उरलोय असं वाटतं.

एक काम कर. काकांच्या मुलीची लग्नपत्रिका तुमच्या घरी काकूंनी जपून ठेवली असेल, त्यांना जुन्या पत्रिका टाकवत नाहीत. तिच्यावर सासरचं गाव असेल. मिळालं की लगेच कळव. मी पत्र टाकतो, काकांच्याच नावाने.

तुझा,
अरुण