मेंदूमृत म्हणजे कोमा नव्हे

महोदय,

‘मेंदूमृत तरुणाचे अवयव काढल्यानंतर त्याचा मृत्यू’ अशा बातम्या सर्रास छापल्या जातात. वाचणाऱ्याला वाटते, तोवर माणूस जिवंत होता. मग आयसीयूबाहेर नातेवाईक डॉक्टरांना विचारतात, “छाती तर हालतीया की अजून!”

प्रश्न रास्त आहे. छाती व्हेंटिलेटर हलवतो, पण हृदय आपले आपण धडधडते, अंग गरम लागते, लघवी होते. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ ॲलन शेवमन यांनी १९९८ मध्ये मेंदूमृत अवस्थेत शरीर आठवडाभर किंवा अधिक टिकल्याच्या १७५ नोंदी मांडल्या. तेव्हापासून ‘मेंदू गेला की शरीर लगेच कोसळते, म्हणून तो मृत’ हे समर्थन लंगडे पडले. उलट, तत्त्वज्ञ जॉन लॉकप्रमाणे स्मृतीलाच माणूसपण मानले, तर स्मृतिभ्रंश झालेली आजीही गेली म्हणावे लागेल. ते मनाला पटत नाही. आपला १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा ब्रेनस्टेमवर, म्हणजे मेंदूच्या देठावर, बोट ठेवतो. जाग आणि श्वासाची प्रेरणा दोन्ही तिथूनच येतात. दोन्ही कायमची गेली की तो माणूस उरत नाही, असे आमचे ठाम मत आहे. ‘प्राण गेला’ म्हणताना आपणही श्वासच म्हणत असतो.

म्हणून श्वासाची चाचणी निर्णायक. आधी शंभर टक्के ऑक्सिजन, मग व्हेंटिलेटर सोडवून श्वासनलिकेत बारीक नळीने मिनिटाला ६ लिटर. ८ ते १० मिनिटे उघड्या छाती-पोटावर नजर. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरवर जाऊनही पोट तसूभर हलले नाही, तर श्वासाची प्रेरणा संपली. मध्येच रक्तदाब कोसळला तर चाचणी थांबवावी लागते. चार डॉक्टरांचे मंडळ किमान ६ तासांनी सगळे पुन्हा तपासते.

फसगत होते ती मण्यारीच्या दंशात. दाताची खूण दिसत नाही, बाहुल्या विस्फारलेल्या, एक स्नायू हलत नाही. मेंदू मात्र शाबूत. कीटकनाशकाची विषबाधा, झोपेची औषधे, गार पडलेले शरीर, हेही तसेच. हे वगळल्याशिवाय चाचणीला हात लावू नये.

दुसऱ्या चाचणीला घरचे एक माणूस खाटेजवळ उभे करावे. मज्जारज्जूतल्या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे हात कधी झटकन उचलला जातो, हे आधीच सांगावे. नंतर सांगितले तर सारवासारव वाटते. आणि बातमीत एवढेच लिहावे: ‘दुसऱ्या चाचणीनंतर मृत्यू घोषित, त्यानंतर अवयवदान.’

— अतिदक्षता विभागातील डॉक्टर, कोल्हापूर