मीठ डब्याबाहेर काढायला लावणाऱ्या काकांना

काका,
स. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, पुरे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

माझ्या पहिल्या रिब्ज, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेल्या डुकराच्या बरगड्या, तुम्ही पाहिल्यात. बाहेरून कोळसा, आतून गुलाबी, चावताना रबर. आणि खारट इतक्या की पाहुण्यांनी आधी पाणी मागितलं आणि मग निरोप घेतला. धूर बघून तुम्ही डोकावलात, एक तुकडा तोंडात टाकलात आणि शांतपणे विचारलंत, "मीठ किती वेळा घातलंस?" एकदाच, मी छातीठोकपणे सांगितलं. तुम्ही ओट्यावरची बाटली फिरवून माझ्यासमोर धरलीत. लसणाची पूड समजून मी चार चमचे ओतलं ते लसूणमीठ होतं.

"मीठ मसाल्यात कालवायचंच नाही," असं तुम्ही म्हणालात ते तेव्हा मला अजिबात पटलं नव्हतं. बिनमिठाचा मसाला हा काय प्रकार? पण तुम्ही समजावलंत: मीठ मांसात मुरतं, मिरपूड आणि पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) मात्र वरच्या वरच राहतात. दोघांचा हिशोब वेगळा, तर मापही वेगळं. शिवाय चमचा फसवा. त्याच चमच्यात बारीक मीठ साधारण 6 ग्रॅम बसतं, पापुद्र्यांचं जाड मीठ जेमतेम 3. तेव्हापासून मीठ वजनकाट्यावर, हाडांसकट किलोला 8 ते 10 ग्रॅम. आदल्या रात्री ते चोळून रिब्ज फ्रिजमध्ये, मसाला दुसऱ्या दिवशी.

मसाल्याचं तुमचं प्रमाण पाठच झालंय: ब्राउन शुगर आणि पॅप्रिका चार-चार चमचे, ताजी कुटलेली मिरी दोन, लसूणपूड दीड, कांद्याची पूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मोहरीची पूड एकेक, तिखट अर्धा. (मोहरी मी अर्धाच चमचा घालतो. रागावू नका.) साखर आधी ताटात पसरून तासभर कोरडी करायची, नाहीतर तिच्या गुठळ्या होतात. हे तुम्ही सांगितलं नव्हतं, माझं मीच शिकलो, दोन बरण्या वाया घालवून.

रिब्जच्या मागचा पापुद्रा काढायची तुमची युक्ती मी अजूनही प्रत्येकाला दाखवतो. चमच्याचा दांडा हाडावरून आत सारायचा, टोक सुटलं की ते कागदी रुमालात पकडून ओढायचं. नुसत्या बोटांनी ते निसटतंच. कागदाने धरलं की सबंध पट्टा सर्रकन निघून येतो, आणि मसाला त्याही बाजूला चिकटतो.

कोळसा का झाला होता, तेही तुम्हीच सांगितलंत. साखर आणि पॅप्रिका थेट निखाऱ्यांवर धरली की जळून कडू होणारच. आता निखारे एका कडेला, रिब्ज दुसऱ्या कडेला, झाकण बंद, आच 110 ते 120 अंशांच्या आसपास. पाच तास तरी लागतात. आतलं तापमान 63 अंशांना पोचलं की पोर्क खायला सुरक्षित होतं, पण रिब्ज तेव्हा चिवटच असतात. चिवटपणा सुटायला 90-95 अंशांपर्यंत जावं लागतं. पूर्वी मी तास मोजायचो. आता चिमट्याने मधोमध उचलतो, पट्टी वाकून वरच्या थराला चीर पडली की उतरवतो.

एक कबुली राहिली. कच्च्या मांसाचा हात बरणीत घालू नको, म्हणून तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारली होती, तेव्हा राग आला होता. आता लागेल तेवढा मसाला मी आधीच वाटीत काढून घेतो आणि वाटीत उरलेला टाकून देतो.

सोबत बरणी पाठवतोय. झाकणावर तारीख लिहिली आहे. मीठ घातलेलं नाही.

तुमचा,
धूरवाला शेजारी