बॅटरी बदलायच्या आधी मीटर तरी लावा!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी वाढली की नाशिकच्या सोसायट्यांमध्ये सकाळचा हा प्रकार ठरलेलाच, कुणाची तरी गाडी नुसती कटकटकट करते, चालू काही होत नाही, मग गॅरेजचा पोरगा येतो आणि बॉनेट उघडायच्या आधीच सांगून टाकतो "बॅटरी गेली साहेब". निफाडकडे पारा उतरतो त्या दिवसांत जुनी बॅटरी ढेपाळते हे खरंच आहे, पण दरवेळी बॅटरीच कशी काय जाते बुवा?

आमच्या शेजारच्या काकांनी हजारो रुपये मोजून नवी बॅटरी टाकली आणि काही दिवसांत परत तेच रडगाणं. शेवटी द्वारकेकडच्या एका म्हाताऱ्या वायरमनला बोलावलं, त्याने बॅटरीकडे बघितलंसुद्धा नाही, काळी वायर धरून खाली बॉडीपर्यंत गेला तर तिथला अर्थिंगचा बोल्ट गंजून लालभडक आणि वायरच्या टोकाला हिरवट पावडर. दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, थोडं ग्रीस, झालं काम! पहिल्या सेल्फला गाडी चालू.

खरं तर गाडी स्वतःच सांगत असते. भराभर कटकट होऊन डॅशबोर्डचे लाइट मंद झाले तर बॅटरी उतरलीय नाहीतर कुठेतरी कनेक्शन ढिलं किंवा गंजलेलं आहे. लाइट झगझगीत आणि फक्त एकदाच 'टक', तर संशय सेल्फवर (स्टार्टर मोटरवर), म्हणजे तिचा स्विच असलेलं सोलेनॉइड किंवा आतले कार्बन ब्रश. इंजिन नीट फिरतंय पण पकडतच नाही, तर बॅटरीला कशाला शिव्या घालायच्या, पेट्रोलच्या गाडीत चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची बारीक घूंऽऽ ऐकू येते का बघा. (आणि उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा, आमच्याकडे ते मेन मेंबर आहेत.) पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडाली असेल तर मात्र काही ऐकत बसू नका, सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच खोलावं लागतं. गोदाघाटावर पुराच्या वेळी गाड्या लावणाऱ्यांनी तर हे लिहूनच ठेवावं.

मीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर, काही फार महाग नसतो, शे-दोनशे रुपयांपासून मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीत साधारण 12.6 व्होल्ट दिसतात, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली घसरत असेल तर आधी फुल चार्ज करून परत बघा, तरी तेच असेल तर बॅटरी खरंच थकलीय, बदला. पण गाडी चालू असताना 14 च्या आसपास दिसायला हवेत, तिथेही 12 च दिसले तर अल्टरनेटर चार्जिंगच करत नाहीये, मग कितीही नव्या बॅटऱ्या टाका, त्यापण उतरणारच!

म्हणून म्हणणं एवढंच, की गॅरेजवाल्यांनी बॅटरी बदलताना हे तिन्ही आकडे बिलावर लिहून द्यावेत, आणि गिऱ्हाइकानेही ते मागून घ्यावेत. आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी हाफ क्लच शिकवता शिकवता एक दिवस बॉनेटपण उघडून दाखवावं, टर्मिनल कुठलं आणि अर्थिंग कुठलं एवढं जरी कळलं तरी पुरे.

- एक वाचक, इंदिरानगर, नाशिक