राव्हेन्ना बघायला निघण्यापूर्वी

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

इटलीतल्या बोलोन्याहून राव्हेन्नाची मोझाइकं, म्हणजे काच-दगडाच्या बारीक तुकड्यांनी जडवलेली भिंतचित्रं, एका दिवसात बघून होतात. गाडीला साधारण सव्वा तास लागतो. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलंस तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घे. तो राहिला तर तिकीट असूनही दंड भरावा लागतो.

बिशपच्या अखत्यारीतल्या पाच वास्तूंचं एकत्र तिकीट मिळतं: सान विताले चर्च, रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाची समाधी, सान्तापोल्लिनारे नुओवो चर्च, बिशप निऑनचं बाप्तिस्मागृह (बाप्तिस्मा देण्याची वास्तू) आणि आर्चबिशपचं संग्रहालय. यातली समाधी आणि बाप्तिस्मागृह अगदी लहान असल्याने तिथली वेळ आधी राखून ठेवावी लागते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण ही पाच नव्हेत. त्या भरवशावर जाऊ नकोस.

समाधीत जेमतेम पाच मिनिटं मिळतात. उन्हातून थेट आत शिरलीस तर पहिली दोन मिनिटं काळोखाशिवाय काही दिसत नाही, कारण खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाचे पातळ पत्रे आहेत. म्हणून शेजारच्या सान वितालेत आधी जा आणि समाधीची वेळ त्यानंतरची घे. रांगेत गॉगल काढू नकोस, दारातच काढ. आत गेल्यावर भिंती सोड, मान वर कर. गडद निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत.

सान वितालेचं अर्पण ५४७ सालचं. वेदीजवळ एका बाजूला बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राट जस्टिनियन, समोर त्याची राणी थिओडोरा. दोघांच्याही मस्तकामागे प्रभावळ आहे, ती नीट बघ. इथे एका जागी उभी राहू नकोस. सोनेरी तुकड्यांत काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख असतो, आणि ओल्या गिलाव्यात ते मुद्दाम किंचित तिरके बसवलेत. चार पावलं सरकलीस की भिंत वेगळी चमकते. फ्लॅश मारायला बंदी आहे, आणि तो मारून ही चमक फोटोत येतही नाही. छोटी दुर्बीण मात्र जरूर ने.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ सान्तापोल्लिनारे नुओवोला द्यावा. ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकने हे आपल्या राजवाड्याचं चर्च म्हणून बांधलं. तो एरियन पंथाचा, म्हणजे येशूला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. ५४० मध्ये शहर बायझंटाइनांकडे गेलं आणि त्यांनी भिंतीवरची त्याच्या दरबारची माणसं काढून टाकली. आत शिरल्यावर उजव्या भिंतीवर, दाराच्या बाजूला, राजवाड्याचं चित्र आहे. कमानींत आता पांढरे पडदे दिसतात. पण खांब नीट न्याहाळ: काही खांबांवर हात आणि बोटं तशीच राहिली आहेत, हातांची माणसं नाहीत. पडदे भरताना खांबांवरचं मोझाइक कोणी उकरलं नाही, म्हणून ते उरले. तिथून वेदीकडे २६ हुतात्म्यांची रांग जाते, समोरच्या भिंतीवर २२ कुमारिकांची.

दोन्ही बाप्तिस्मागृहं एकाच दिवशी बघ, निऑनचं आणि एरियनांचं. दोन्ही घुमटांवर येशूचा बाप्तिस्मा आहे. एरियन घुमटावर तो बिनदाढीचा तरुण आहे. निऑनच्या घुमटावर दाढी आहे खरी, पण ते डोकं १९व्या शतकातल्या दुरुस्तीत नव्याने बसवलंय. त्यावरून पंथांच्या समजुतीतला फरक काढू नकोस.

आर्चबिशपच्या संग्रहालयात आर्चबिशप मॅक्सिमियनचं सहाव्या शतकातलं हस्तिदंती आसन चुकवू नकोस. कवी दांतेची समाधी वाटेवरच आहे, पाच मिनिटं पुरेत. तिच्या शेजारच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये मात्र थांब. जमीन खचत गेल्यामुळे तिथलं तळघर भूजलाखाली आहे. नाणं टाकलंस की दिवा लागतो आणि मोझाइकच्या जमिनीवरच्या पाण्यात मासे फिरताना दिसतात. सुटी नाणी जवळ ठेव.

खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाल, उन्हाळा असला तरी.

शेवटी स्टेशनवरून ४ नंबरची बस धरून शहराबाहेरच्या क्लास्सेला जा. ५४९ मध्ये अर्पण झालेलं सान्तापोल्लिनारे नावाचं दुसरं चर्च तिथे आहे. तिकीट वेगळं काढावं लागतं. वेळ कमी पडला तर थिओडोरिकची समाधी सोड, क्लास्से सोडू नकोस. हिरव्या कुरणात संत अपोलिनारिस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून १२ मेंढ्या, असं कोवळं हिरवं शहरातल्या एकाही भिंतीवर नाही. परतीची बस किती वाजता आहे ते उतरल्या उतरल्या थांब्यावर वाचून ठेव.

तुझी,
आई